वाचकांचे प्रश्न : दुचाकी वाहून न्यायला जुनी गाडी कोणती घ्यावी?

प्रश्न : मिरजेत दुचाकींचे गॅरेज आहे. बंद पडलेल्या आणि अपघातातल्या गाड्या 30-40 किलोमीटरवरून उचलून आणाव्या लागतात. बजेट पावणेतीन लाख. जुनी ओम्नी किंवा इको घ्यावी की छोटा हत्ती?

उत्तर : तुमच्या कामाला उघड्या हौद्याची गाडीच घ्या. बंद व्हॅन पावसाला आणि चोरीला बरी, पण अपघातातली बाइक कधी सरळ चालत नाही. पुढचे चाक जाम असते, हँडल वाकलेले असते. अशी गाडी दोघांनी उचलून बाजूने हौद्यात घेता येते, इकोच्या मागच्या दारातून घेता येत नाही. ओम्नीचे उत्पादन 2019 मध्येच थांबले. आता मिळेल ती जुनी आणि बहुधा गंजलेली असेल.

मॉडेल ठरवण्याआधी टेप काढा. टाटा एसचा, म्हणजे छोट्या हत्तीचा, हौदा 2200 बाय 1490 मिलिमीटरचा. मारुती सुपर कॅरीचा जवळपास तेवढाच, 2183 बाय 1488. आता बाइकी पाहू. स्प्लेंडर 2000 मि.मी. लांब, पल्सर 150 साधारण 2055, नवी क्लासिक 350 2145. या तिन्ही दोन्ही हौद्यांत सरळ बसतात आणि फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे दार, बंद होतो. एक्सपल्स 200 मात्र 2222 मि.मी. आहे, म्हणजे एसमध्ये सरळ ठेवली तर 22 मि.मी. बाहेर. एकटी असेल तर तिरकी बसते, दोन असतील तर अडचण होते.

रुंदीत हँडल अडते. स्प्लेंडर 720 मि.मी. आणि क्लासिक 785 मि.मी. रुंद. दोन्हींची तोंडे एकाच दिशेला केली तर 1490 मध्ये हँडलला हँडल घासते. एकीचे तोंड केबिनकडे आणि दुसरीचे फाळक्याकडे ठेवले की दोन बाइकी आरामात बसतात. तीन बसवणारे आहेत, पण तेव्हा एकीचा फुटरेस्ट दुसरीच्या सायलेन्सरवर टेकतो आणि ओरखड्याचा हिशेब तुमच्याकडे मागितला जातो. रोज तीन आणायच्या असतील तर आठ फुटी हौद्याची अशोक लेलँड दोस्त, महिंद्रा सुप्रो मॅक्सीट्रक किंवा बोलेरो पिकअप पाहा. पावणेतीन लाखांत त्या मिळतील, पण बऱ्याच थकलेल्या.

वजनाची चिंता एसला नाही. दोन क्लासिक म्हणजे 390 किलो, वर दोन माणसे, आणि भारक्षमता साडेसातशे किलोच्या आसपास. मात्र जुन्या डिझेल एसचे इंजिन दोन सिलिंडरचे, 702 सीसीचे, 16 अश्वशक्तीचे आहे. सांगली-मिरजेच्या सपाटीला ते पुरते. आठवड्यातून दोनदा आंबा घाट चढायचा असेल तर सुपर कॅरीचे चार सिलिंडरचे 1.2 लिटर पेट्रोल इंजिन जास्त सुखाचे. सुपर कॅरीची सुरुवातीची 793 सीसी डिझेल आवृत्ती स्वस्त दिसते. ती घेण्याआधी तुमच्या गावात तिच्या इंजिनाचे काम करणारा मेस्त्री आणि पार्ट दोन्ही आहेत का, ते विचारून घ्या.

प्रश्न : जुना छोटा हत्ती बघायला जाताना नेमके काय तपासायचे? सगळे जण इंजिनाचा आवाज ऐका एवढेच सांगतात.

उत्तर : इंजिन शेवटी ऐका. त्याचे काम कुठेही होते, सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. चेसिस गंजली असेल तर मात्र त्यावर उपाय नाही.

म्हणून पहिल्यांदा विचारा, आधी काय वाहिले? भाजी, दूध, किराणा चालेल. कोकणपट्टीत मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचे खारट पाणी वर्षानुवर्षे चेसिसवर गळलेले असते. वरून ताजा काळा रंग मारलेला असला तरी खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने चेसिसच्या आडव्या पट्ट्या आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर टोकरा. पापुद्रे निघाले तर तिथेच थांबा. हँगरजवळ नव्या वेल्डिंगची रेघ दिसली तर गाडीत वाळू किंवा सिमेंट क्षमतेबाहेर भरले गेले आहे असे समजा. मोडलेला पाटा बदलता येतो, हँगरपाशी तडकलेली चेसिस पुन्हा तडकते.

हौद्याच्या पत्र्यावर उभे राहून टाचेने दाबत चाला. बाइकचे सगळे वजन दोन चाकांच्या तळव्याएवढ्या जागेवर येते आणि पातळ झालेला पत्रा तिथे दबतो. त्यावर 3 मि.मी. लोखंडी चादर टाकायचा मोह होतो. एवढ्या हौद्याला ती सुमारे 80 किलो भरते. 12 मि.मी. वॉटरप्रूफ प्लाय 25 किलोच्या आसपास आणि घसरायलाही कमी. प्लायखाली पाणी साचू नये म्हणून कोपऱ्यांत भोके ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पत्रा खालून जाईल.

एसला पुढेही पाट्यांचा सरळ अॅक्सल आहे, कारसारखे सस्पेन्शन नाही. पुढचे चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खळखळ आली तर किंगपिन किंवा बेअरिंगचे काम आहे. टायर एका कडेने झिजला असेल तर तेही तेच सांगतो. मग गाडी चालवा. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना खालून ‘टक्’ आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला आहे. ते छोटे काम. साठच्या वेगाला मागून हुंकार येतो आणि अॅक्सिलरेटर सोडला की त्याचा सूर बदलतो, तर मागच्या डिफरन्शियलचे गिअर (क्राउन-पिनियन) झिजलेत, ते खर्चिक. किंमत तिथे बोला.

इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगा. मालकाने तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर थांबतच नसेल तर रेडिएटरचे झाकण उघडून तवंग पाहा (इंजिन गरम असताना नाही). ऑइलचे झाकण सैल करून वर ठेवले आणि ते उडू लागले, तर रिंगा आणि बोअर झिजलेत. किलोमीटर किती दाखवतो याला या वर्गात फारसा अर्थ नाही. स्टिअरिंगची चकाकी आणि पेडलचे रबर जास्त खरे बोलतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा : 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा.

बजेटच्या 15 ते 20 टक्के पैसे हातात ठेवूनच सौदा करा. पावणेतीन लाख असतील तर गाडी सव्वादोनची बघा. बॅटरी, दोन टायर, ब्रेक लायनर, ऑइल आणि प्लाय यातच उरलेले जातात.

प्रश्न : एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर पिवळ्या पाटीची गाडी चालते का? परमिट लागते का?

उत्तर : चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे की एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेली वाहतुकीची गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. परमिटचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार एकूण वजन 3000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते लागत नाही. एस, सुपर कॅरी त्यात सहज बसतात. बोलेरो पिकअपच्या काही आवृत्त्या 3000 च्या वर जातात, तिथे आरसीवरचे लॅडन (मालासह एकूण) वजन वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

पासिंग मात्र चुकत नाही. गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. 8 वर्षांपुढच्या वाहतुकीच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. तो भरला नसेल तर विकणाऱ्याच्या पैशातून वळता करा.

प्रश्न : माझ्याकडे पांढऱ्या पाटीची पाच सीटर इको आहे. मागच्या सीट काढून दोन डर्ट बाइकी नाशिकहून स्पर्धेला नेतो. मित्रांच्याही बाइकी भाड्याने न्याव्यात असा विचार आहे.

उत्तर : भाड्याचा विचार सोडा. पैसे घेऊन दुसऱ्याचा माल नेला की ती मालवाहतूक झाली. खासगी नोंदणीवर ती चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. भाडे करायचेच असेल तर इको कार्गो घ्या. ती कारखान्यातूनच दोन सीटची आणि मालवाहू म्हणून नोंदलेली येते. सीट कायमच्या काढून ठेवणे हा आरसीशी न जुळणारा बदल आहे, हेही ध्यानात असू द्या.

जुनी इको कार्गो बघायला जाताना बाइकच घेऊन जा. ते जमत नसेल तर मागच्या दाराची उघडी उंची मोजा. आरसे काढून स्प्लेंडर 1052 मि.मी. उंच आहे, एक्सपल्स तब्बल 1258. उंच हँडलसाठी क्लॅम्पचे चार बोल्ट सैल करून हँडल पुढे झुकवता येते, फक्त ब्रेकची ऑइलची डबी उलटी होऊ देऊ नका, लाइनमध्ये हवा शिरते. लांबी कमी पडली तर पुढचे चाक काढून फोर्क (पुढचे दोन शॉकअप) लाकडी ठोकळ्यावर बसवा. सीएनजी गाडी असेल आणि सिलिंडर आत असेल तर बाइकची जागा तोच खातो. सिलिंडरची चाचणी दर 3 वर्षांनी लागते, पट्टीवरची तारीख पाहा.

बंद गाडीत पेट्रोलची वाफ साठते. कार्बोरेटरवाल्या बाइकचा कॉक बंद करा, टाकी अर्ध्याच्या खाली ठेवा, दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघड्या. आत सिगारेट ओढणारा मित्र दुसऱ्या गाडीत बसवा.

प्रश्न : दोर घट्ट बांधूनही बाइक वाटेत आडवी होते. एकदा तर पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळायला लागले.

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, फोर्क किती दाबला जातो. नायलॉनचा दोर ताणतो. खड्ड्यात फोर्क आणखी दबला की दोर क्षणभर सैल पडतो, उघडा हुक निसटतो आणि बाइक जाते. उलट, फोर्क पूर्ण तळाला टेकेपर्यंत आवळून रात्रभर तसाच ठेवला तर सीलवर दाब राहतो आणि ऑइल गळू लागते.

प्रत्येक बाइकला 25 मि.मी. रुंदीचे चार रॅचेट बेल्ट घ्या, बंद होणाऱ्या हुकचे. बाइक साइड स्टँडवर किंवा मेन स्टँडवर ठेवू नका. हादऱ्यांनी स्टँडचा ब्रॅकेट वाकतो. पुढचे चाक हौद्याच्या कोपऱ्यात किंवा चॉकमध्ये रुतवा, पहिला गिअर टाका. पुढचे दोन बेल्ट हँडलच्या टोकाला अडकवू नका, खालच्या टीला (फोर्कचे दोन्ही नळे धरणाऱ्या आडव्या तुकड्याला) अडकवा, आणि पुढे व बाहेर साधारण 45 अंशांत ओढा. रंगाला बेल्ट घासू नये म्हणून मध्ये कापडी फास घाला. दोन्ही बाजू आळीपाळीने आवळत फोर्क निम्मा दबला की थांबा. मागचे दोन बेल्ट फक्त शेपूट डोलू नये एवढेच. लेग गार्डला काहीही बांधू नका, त्याचे बोल्ट तेवढ्या ताणाचे नसतात. स्कूटरला टी हाताशी येत नाही. हँडलच्या प्लास्टिकवरून बेल्ट नेला की ते फुटते, म्हणून फुटबोर्डखालच्या लोखंडी चौकटीला धरा. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून चारही बेल्ट पुन्हा तपासा. पहिल्यांदा थोडे सैल पडतातच.

बेल्टचे दुसरे टोक पत्र्याच्या काठाला नको. हौद्याच्या तळाला, जिथे खाली आडवी पट्टी आहे तिथे, एम-10 चे आयबोल्ट लावा. बोल्ट 8.8 ग्रेडचे आणि खालून जाड वॉशरपट्टी घालून.

चढवायची फळी हौद्याच्या उंचीच्या तिप्पट लांब असावी. हौदा अडीच फुटांवर असेल तर आठ फुटी फळीने चढ 18 अंशांचा होतो. सहा फुटीने 25 च्या जवळ जातो, आणि बुलेटसारखे धूड तिथे माणसाला मागे रेटते. फळी हौद्याला साखळीने बांधा. ती मागे सरकली की बाइक आणि माणूस दोघेही खाली.

प्रश्न : फाळका उघडा ठेवून मागचे चाक त्यावर टेकवले तर चालेल का?

उत्तर : नाही. फाळक्याच्या साखळ्या आणि बिजागऱ्या चालत्या गाडीत बाइकचा भार घ्यायला केलेल्या नाहीत. शिवाय माल बॉडीबाहेर निघाला की कलम 194(1अ) लागते, दंडाची तरतूद 20 हजार रुपये.

प्रश्न : गाडी पसंत आहे, पण आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. मालक म्हणतो, पैसे द्या, एनओसी आणून देतो.

उत्तर : पैसे मालकाला देऊ नका. फायनान्स कंपनीच्या शाखेत दोघांनी जा, थकबाकीचे पत्र घ्या, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि उरलेली मालकाला. एनओसी आणि सहीशिक्क्याचा फॉर्म 35 हातात आल्यावरच बोजा उतरतो. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30 लागतात. चेसिसचा छाप स्वतः गाडीवरून घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. सौद्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर ई-चलन, कराची मुदत, पासिंगची तारीख बघा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या; आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

ग्राहकांच्या बाइकी वाहणार असाल तर एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बाइकची स्वतःची पॅकेज पॉलिसी असेल तर रस्त्याने वाहून नेताना झालेले नुकसान तिच्यात सहसा धरलेले असते. फक्त थर्ड पार्टी असेल तर काहीच मिळत नाही. बाइक उचलतानाच पॉलिसीचा फोटो घ्या, सोबत आरसीची प्रत आणि मालकाचे दोन ओळींचे पत्र. रात्रीच्या नाकाबंदीत ते पत्रच कामी येते.

प्रश्न : नोकरीमुळे वर्षातून एकदा नागपूर-पुणे बाइक न्यावी लागते. त्यासाठी एखादी स्वस्त जुनी ओम्नी घेऊन ठेवावी का?

उत्तर : घेऊ नका. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती द्या, टाकी पूर्ण रिकामी करा, आरसे काढा, हेडलाइट आणि टाकीला गोणपाट गुंडाळा. पुण्याला उतरल्यावर लागेल म्हणून एक रिकामी बाटली सोबत ठेवा. पेट्रोल पंपापर्यंत बाइक ढकलत न्यावी लागत नाही.