आमटीत कुस्करलेली गोळी

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ओलान्झापिन सुरू झाल्यावर त्याला ऐकू येणारे आवाज थांबले. पण वर्षभरात वजन १४ किलोंनी वाढले आणि तो सकाळी दहापर्यंत झोपून असतो. आता तो गोळी नाकारतो, म्हणून आई ती कुस्करून त्याच्या आमटीत घालते. हे योग्य आहे का? औषध बदलता येईल का?
— एक बहीण, सातारा

उत्तर : तुमच्या भावाची तक्रार खरी आहे आणि घरातल्यांनी आधी ती मान्य करावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ओलान्झापिनने भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि वजनाबरोबर रक्तातील साखर व चरबीही वाढू शकते. म्हणून वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड यांची तपासणी ठरावीक काळाने झालीच पाहिजे. सकाळच्या झोपेचा सगळा दोष मात्र गोळीला देता येणार नाही. डोपामिन या मेंदूतील रसायनाचा परिणाम रोखणारी ही औषधे भास आणि संशय आटोक्यात आणतात, पण आजारातूनच येणारा निरुत्साह त्यांनी फारसा हटत नाही.

औषध बदलता येते. अरिपिप्राझोलने वजन तुलनेने कमी वाढते, परंतु काहींना त्याने अशी अस्वस्थता येते की पाय एका जागी ठरत नाहीत. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी अंग ताठरते, हात थरथरतात. मूळ गोळी ठेवून मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध वजनासाठी जोडण्याचाही मार्ग आहे. बदल डॉक्टरांनीच, हळूहळू करायचा असतो. गोळी एकदम सोडल्यास सुरुवातीला झोप उडणे, मळमळ, घाम येणे असे त्रास होऊ शकतात, पण आवाज बहुधा लगेच परतत नाहीत, आणि फसगत तिथेच होते. आवाज परततात ते बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि तोवर ‘गोळीविना बरा आहे’ अशी सर्वांची समजूत झालेली असते.

आईची धडपड मी समजू शकतो. तरीही जेवणात कोणी काहीतरी कालवते, हा संशय या आजारात पुष्कळांना येतो; वाटीच्या तळाशी पांढरा चुरा दिसला, तर तो संशय खराच ठरेल आणि मग आईच्या हातचा घासही त्याला नकोसा होईल. शिवाय अर्धी आमटी उरली, तर किती औषध पोटात गेले हे कोणालाच कळत नाही. मात्र हे परस्पर थांबवू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रोजच्या गोळीचा कंटाळा असेल आणि त्याची संमती असेल, तर पंधरवड्याने किंवा महिन्याने घ्यायचे इंजेक्शन मिळते. वजनाचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही, हेही त्याला आधीच सांगावे. तपासणीला त्याला सोबत न्या आणि वजनाविषयी त्यालाच आधी बोलू द्या.