आमच्या छोट्या संस्थेला रोटरी-लायन्ससारख्या क्लबकडून अनुदान हवं असेल तर प्रस्ताव कसा लिहावा?

तुम्ही लिहिलंय की तासगावात तुमची अभ्यासिका आहे, नोंदणी वगैरे झालेली आहे, आणि 'क्लब सहसा काय देतात ते कळलं तर त्याप्रमाणे प्रस्ताव तयार करू'. या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. क्लब काय देतात ते बघून मागायला जाऊ नका. आमच्या कार्यवाहांनी वर्षानुवर्षं तेच केलं. माझा त्याला तेव्हाही विरोध होता, आजही आहे.

मी मिरजेत स्टाफ नर्स होते. निवृत्त झाल्यापासून सांगलीत एका छोट्या ट्रस्टचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र बघते. व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड, कमोड खुर्ची, एअर बेड अशा वस्तू आम्ही डिपॉझिट घेऊन नाममात्र भाड्याने देतो आणि वस्तू परत आली की डिपॉझिट परत करतो. मिरजेला ऑपरेशनला येणारा पेशंट जतचा असतो, आटपाडीचा असतो, सीमेपलीकडचा अथणीचाही असतो. दोन महिन्यांसाठी खाट विकत घेणं त्यांना परवडत नाही. मागणी कायम असते, पैसे मात्र बेताचेच.

क्लबकडे पैसा येतो कुठून हे अर्ज करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं, म्हणून ते आधी सांगते. रोटरीचं सांगते, कारण त्यांचे नियम छापील आणि उघड आहेत. तिथे तीन खिसे असतात. पहिला सभासदांच्या वर्गणीचा आणि क्लबच्या स्वतःच्या ट्रस्टचा. दुसरा डिस्ट्रिक्ट ग्रँटचा. डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी जिल्हा नव्हे, एका मोठ्या भागातल्या रोटरी क्लबांचा गट. सभासद रोटरी फाउंडेशनच्या (रोटरीच्या जागतिक धर्मादाय संस्थेच्या) वार्षिक निधीला जे देतात त्यातला जवळपास निम्मा भाग तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टकडे परत येतो आणि त्यातल्या निम्म्यापर्यंतची रक्कम अशा छोट्या स्थानिक कामांना वापरता येते. (सांगली डिस्ट्रिक्ट ३१७० मध्ये येते, कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्यासोबत.) तिसरा खिसा ग्लोबल ग्रँटचा. त्याला किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प लागतो आणि परदेशातला भागीदार क्लब लागतो. अभ्यासिकेने त्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खिशातल्या पैशातून दुसऱ्या संस्थेचे पगार, भाडं, वीजबिल असला चालू खर्च भागवता येत नाही. काय करायचं ते न ठरवता नुसती रोख देणगी देता येत नाही. झालेला खर्च मागाहून भरून मिळत नाही. एकाच संस्थेला सतत पैसे देणंही नियमात बसत नाही. सगळीकडे वस्तूच का वाटल्या जातात ते यावरून लक्षात येईल. पहिल्या खिशाला मात्र फाउंडेशनची ही बंधनं नाहीत, आणि ही गोष्ट तुम्हाला आपणहून कुणी सांगणार नाही. पहिल्याच भेटीत विचारा: पैसे कुठल्या खात्यातून येणार?

आता आमचं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमचं केंद्र तेव्हा गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर खाटा एकमेकींवर चढलेल्या आणि सगळ्यावर बोटभर गाळ. गाद्या टाकूनच द्याव्या लागल्या. पण लोखंड शाबूत होतं. फाउलर बेडची पाठ वर-खाली करायला खाली एक लांब स्क्रू असतो, तो हँडलने फिरवतात. त्या स्क्रूच्या आट्यांत गाळ बसून गंज धरला की खाट कायमची आडवी राहते. तो स्क्रू खोलून, रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून परत बसवता येतो. व्हीलचेअरची पुढची दोन छोटी चाकं, सीटचं रेक्झिन आणि ब्रेक बदलला की खुर्ची नव्यासारखी चालते. कुपवाड एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर येऊन सगळं बघून गेला. एका खुर्चीचा त्याचा हिशोब बाराशे-पंधराशेच्या आत होता. नवी खुर्ची त्यावेळी सहा-सात हजारांना पडत होती.

त्याच आठवड्यात एका क्लबचे लोक आले. क्लबचं नाव लिहीत नाही. पुरात तीच माणसं रात्री-अपरात्री जेवणाची पाकिटं वाटत होती, त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. ते म्हणाले, नव्या व्हीलचेअर देतो. मी म्हणाले, त्याच्या चौथाई पैशात आहेत त्या सगळ्या उभ्या करून द्या. त्यांचे प्रकल्पप्रमुख म्हणाले, "मॅडम, ग्रँटमध्ये वस्तू दाखवावी लागते. दुरुस्तीचं काय दाखवणार?" मी उत्तर देणार तेवढ्यात आमच्या कार्यवाहांनी मला थांबवलं. दारी आलेली लक्ष्मी परत पाठवू नये, असं म्हणून त्यांनी होकार दिला. नव्या खुर्च्या आल्या, पाठीवर क्लबचं नाव रंगवलेल्या. जुन्या भंगारात गेल्या. आणि वॉकरच्या पायाच्या रबरांसाठी आमच्याकडे पैसे नव्हते.

ही रबरं म्हणजे काय ते सांगते, कारण माझा सगळा वाद त्यांच्यावरूनच आहे. वॉकरच्या चार पायांना चार रबरी टोप्या असतात, किंमत चहा-वड्याइतकी. रोज वापरलं की तळ घासून आत ॲल्युमिनियमची नळी बाहेर येते. हल्ली खेड्यातल्या घरांतही गुळगुळीत फरशी असते. ओल्या फरशीवर ती नळी सरकली की म्हातारं माणूस खुब्यावर पडतं. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झालेले पेशंट मी वॉर्डात आयुष्यभर बघितले आहेत. त्यामुळे रबर झिजलेला वॉकर मी कुणालाही देत नाही, मग तो कितीही नवा असो आणि त्यावर कुणाचंही नाव असो.

दुसरी फेरी २०२१ ला. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सगळीकडून येऊ लागले. लाट असताना त्यांनी जीव वाचवले, त्याबद्दल दुमत नाही. पण लाट ओसरल्यावरही खोकी येत राहिली. मी म्हणाले, गरज आहे तेवढेच घ्या. कार्यवाह म्हणाले, राहू देत, लागतील. या मशिनच्या आत झिओलाइटचे खडे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. मशिन महिनोन्‌महिने बंद पडून राहिलं की ते खडे ओल धरतात आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. ती ९० टक्क्यांच्या वर असावी लागते. मशिन अधूनमधून चालवावं लागतं, फिल्टर बदलावे लागतात, शुद्धता तपासावी लागते. मशिनसोबत यासाठीचा एक रुपयाही आला नव्हता. आज त्यातली बरीच आमच्या मागच्या खोलीत, शुद्धता कमी असल्याचा पिवळा दिवा दाखवत पडून आहेत आणि त्या खोलीचं भाडं आम्ही भरतोय.

पुढे दुसऱ्या एका क्लबच्या नियोजित अध्यक्ष, त्या स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत, केंद्र बघायला आल्या. मी त्यांना खुर्च्या दाखवल्या नाहीत. रबरं झिजलेल्या वॉकरची रांग दाखवली आणि दुरुस्तीची तीन कोटेशनं हातात दिली. त्यांनी क्लबच्या स्वतःच्या ट्रस्टमधून वर्षभराच्या दुरुस्तीचे पैसे मंजूर करून घेतले. बिलं थेट फॅब्रिकेटरच्या नावे गेली. दुरुस्त होऊन पुन्हा पेशंटकडे गेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद आम्ही त्यांना दर तिमाहीला दिली. रक्कम नव्या खुर्च्यांच्या निम्मीही नव्हती आणि त्यात अख्खं केंद्र उभं राहिलं. दुरुस्तीचं काय दाखवणार या प्रश्नाचं माझं उत्तर ते नोंदवहीचं पान आहे.

तुमच्या अभ्यासिकेचं: टेबल-खुर्च्या, पुस्तकांची कपाटं, दिवे हे दुसऱ्या खिशातून मागा, ते बसतं. इन्व्हर्टर कुणी देऊ केला तर आधी विचारा की तीन-चार वर्षांनी बॅटरी कोण बदलणार. रात्री अकराला कुलूप लावणाऱ्या माणसाचं मानधन आणि वीजबिल पहिल्या खिशातून मागा, एका वर्षापुरतं आणि उघडपणे. टेबलांच्या बिलात ते लपवून बसवू नका. प्रस्ताव दोन पानांचा पुरे: किती मुलं रोज बसतात, कुठल्या गावांहून येतात, नेमकं काय हवं, त्यानंतरचा खर्च कोण करणार. चौथी गोष्ट लिहिणारी संस्था क्लबच्या लोकांच्या लक्षात राहते.

वेळ महत्त्वाची. रोटरी आणि लायन्स दोघांचंही वर्ष १ जुलै ते ३० जून असतं आणि क्लबचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो. दिवाळीनंतर चालू अध्यक्षांना भेटून फारसं काही निघत नाही, त्यांचे प्रकल्प ठरून गेलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांना गाठा. क्लबमध्ये त्यांना 'इलेक्ट' म्हणतात.

कागदपत्रांबद्दल एवढंच: विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल आहे ना ते बघा. ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) नसलं तरी काम अडत नाही, पण असलं तर सभासद स्वतःच्या नावावर करसवलतीची देणगी देऊ शकतात. ती चेकने किंवा ऑनलाइन घ्या, दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही. लायन्सचे अनुदानाचे नियम वेगळे आहेत, वरचे तीन खिसे त्यांना जसेच्या तसे लावू नका. आणि नवी वस्तू कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. फाटलेला एअर बेड शिवून चालत नाही, तो नवाच लागतो.

अर्ज लिहिण्याआधी तुमच्या कार्यकारिणीत एक ठराव मात्र करून घ्या. आमच्याकडे तो मी मांडला, चर्चा लांबली, कार्यवाहांनी विरोधात मत दिलं, पण मंजूर झाला. मजकूर असा: "ज्या वस्तूच्या देखभालीची तरतूद देणाऱ्याने किंवा संस्थेने लेखी केलेली नाही, ती वस्तू संस्था स्वीकारणार नाही. वस्तू स्वीकारण्याचा निर्णय कोणताही एक पदाधिकारी परस्पर घेणार नाही." दुसरं वाक्य वगळू नका.