धाकटा भाऊ हिस्सा विकतोय, पहिला हक्क कुणाचा?

प्रश्न: बाबा वारले त्याला सहा वर्षं झाली, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सातबाऱ्यावर आई, दादा, मी आणि धाकटा भाऊ अशी चौघांची नावं लागलीत, वाटप काही झालेलं नाही. आता धाकट्याला पैशांची नड आहे म्हणून तो त्याचा हिस्सा बाहेरच्या माणसाला द्यायला निघालाय, इसारही घेतलाय म्हणे. दादा म्हणतो मी मोठा, पहिला हक्क माझा. चुलतभाऊ म्हणतो बांधाला बांध लागून आहे म्हणून माझा. मी म्हटलं मलाही घ्यायचंय, तर सगळे म्हणाले तुझं लग्न झालंय, तुझा काय संबंध. खरंच मला हक्क नाही का?

उत्तर: आहे ताई, आणि दादाला जेवढा तेवढाच आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम २२ सांगतं की मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची जमीन वर्ग १ च्या वारसांकडे (बायको, मुलं-मुली, आई असे सगळ्यात जवळचे) आली आणि त्यातल्या एकाला आपला हिस्सा विकायचाय तर बाकीच्या वारसांना तो घ्यायचा आधी हक्क. यात मोठा-धाकटा नाही, लग्न झालेली-न झालेली नाही. तुमच्या आईलाही हा हक्क आहे, तिला कुणी विचारलं का? शेतजमिनीला हे कलम लागत नाही असं कुणी सांगेल तर ऐकू नका, हिमाचलमधल्या दोन भावांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१९ साली लागतं असं स्पष्ट सांगितलंय.

चुलतभाऊ तुमच्या बाबांचा वर्ग १ चा वारस नाही, त्यामुळे कलम २२ खाली त्याला काही मिळत नाही. लगतच्या खातेदाराचा विषय तुकडेबंदी कायद्यात (शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून केलेल्या) येतो, ती गोष्ट वेगळी.

आता दादालाही हवंय आणि तुम्हालाही, तर कायदा म्हणतो जो वारस जास्त किंमत देईल त्याला आधी. इथेच घरं मोडतात, दोघं इरेला पेटतात आणि भाव कुठच्या कुठे जातो. माझं ऐका, दादाशी बसून बोला, दोघांनी मिळून घ्या आणि खरेदीखतात दोघांची नावं घाला. किंमत मात्र रास्त द्या, धाकटा नडीत आहे म्हणून त्याला पाडून मागू नका, हा हक्क जमीन स्वस्तात घेण्यासाठी नाहीच. किंमतीवर जमलंच नाही तर कोर्टात अर्ज करता येतो, कोर्ट किंमत ठरवतं, पण त्या किंमतीला नंतर तुम्ही नाही म्हणालात तर अर्जाचा सगळा खर्च तुमच्या अंगावर येतो, म्हणून आधी पैशांची सोय बघा मग पुढे जा.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. वारसनोंदीच्या वेळी तुमच्याकडून कुठल्या कागदावर सही घेतली होती का? कितीतरी बहिणी "नाव लावायला सही हवी" म्हटलं की न वाचता सही करतात आणि ते हक्कसोडपत्र निघतं, मग हिस्साही गेला आणि हा हक्कही गेला. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे हे चांगलंच आहे, तरी फेरफाराची नक्कल काढून स्वतः वाचा.

तोंडी सांगण्यावर थांबू नका. मी घ्यायला तयार आहे, अशी वकिलामार्फत नोटीस स्पीड पोस्टाने धाकट्याला पाठवा आणि एक त्या घेणाऱ्यालाही, म्हणजे मला माहीतच नव्हतं असं त्याला म्हणता येणार नाही. समजा खरेदीखत होऊन गेलं तरी सगळं संपत नाही, दावा करता येतो, पण मुदतीच्या कायद्यात अग्रक्रयाच्या (आधी विकत घ्यायच्या हक्काच्या) दाव्याला १ वर्षच दिलंय आणि ते घेणाऱ्याने प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून, आणि तसा ताबा घेता येण्यासारखाच नसेल तर खरेदीखताची नोंदणी झाल्यापासून मोजतात, त्यामुळे बघू पुढच्या सुट्टीत असं करू नका.

आज संध्याकाळी धाकट्याला फोन करा, भांडायला नाही, इसार किती घेतलाय आणि खरेदीची तारीख कुठली ठरलीय एवढं विचारा. नोटीस त्या तारखेच्या आधी पोचायला हवी.