रोज 30 किमी सायकल चालवूनही वेग आणि दम वाढत नाही; सराव नेमका कसा करावा?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: वय 42, परभणीत शिक्षक, सात महिन्यांपासून रोज पहाटे वसमत रोडला 15 किमी जाऊन परत, सव्वा तासात. पहिले तीन महिने वेग वाढत गेला, मग ॲव्हरेज 24 वर अडकलं ते अडकलंच. गुडघ्याची वाटी दुखायला लागलीय. आणि हिवाळ्यात 200 किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची मनात आहे.

सर, कष्टात तुम्ही कुठंच कमी पडत नाही. सात महिने रोज पहाटे उठणं हीच मोठी गोष्ट आहे. पण रोज तोच रस्ता, तेच अंतर आणि तोच जोर. शरीराला एकदा तेवढ्याची सवय झाली की ते तेवढ्यापुरतंच तयार राहतं. त्यात तुमचा जोर रोज मधलाच पडतोय. दम लागतो, पाय भरून येतात, पण पुरता कस लागत नाही आणि पुरता आरामही मिळत नाही. हळू चालवायच्या दिवशी अगदी हळू चालवा, म्हणजे जोराच्या दिवशी अंगात जोर शिल्लक राहील. बाकी सगळं मी पुढं लिहितोय ते याच्याच आधारानं.

हे मी भोगून शिकलोय. मी छत्रपती संभाजीनगरचा, वाळूजला पाळीची नोकरी. दोन वर्षं आठवड्यातले पाच-सहा दिवस ग्रुपबरोबर दौलताबादचा घाट करायचो. मिटमिटा मागं पडलं की कुणीतरी वेग वाढवायचं आणि मग सगळेच पेटायचे. घाटात पोचेपर्यंत माझी छाती भात्यासारखी चालायची. दुसऱ्या वर्षी घाटाची वेळ एका मिनिटानंही कमी झाली नाही. उलट सकाळी उठल्या उठल्या नाडी 58 असायची ती 66 वर गेली, झोप तुटक व्हायला लागली, घरी विनाकारण चिडायला लागलो. तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी मला एका सकाळी मागं थांबवून घेतलं आणि म्हणाले, "आज घाट माझ्याशी बोलत चढायचा. बोलणं तुटलं की गिअर हलका कर."

त्या दिवशी मला सगळ्यात हलक्या गिअरवर यावं लागलं. ग्रुप कधीच पुढं निघून गेला होता. काका शेतातल्या मोसंबीबद्दल विचारत राहिले आणि मी पूर्ण वाक्यात उत्तरं देत राहिलो. दिल्ली दरवाज्याच्या कमानीतून गेलो तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं की इथं सकाळी पोपटांचा किती गलका असतो. तीन महिने आठवड्यातले चार दिवस असंच हळू आणि एकच दिवस जोरात, असा क्रम पाळला. ज्या 130 ठोक्यांना आधी सपाटीवर 19 चा वेग यायचा, त्याच ठोक्यांना 23 यायला लागला. घाटाची वेळ नंतर आपोआप उतरली.

यामागं शास्त्र आहे. नॉर्वेत काम करणारे व्यायामशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी दमाच्या खेळांमधले अव्वल खेळाडू सराव कसा करतात ते तपासलं. त्यांना दिसलं की साधारण 80 टक्के सराव हलका असतो आणि उरलेला बराच कठीण. आपल्याकडं आठवड्याला सहा-सात तासच असतात, त्यामुळं हा आकडा तंतोतंत पाळायची गरज नाही, पण त्यामागचं सूत्र आपल्यालाही लागू पडतं. हळू आणि लांब चालवल्यानं स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि शरीर चरबी जाळून चालायला सरावतं. 200 किमीला हीच पुंजी कामी येते.

हळू म्हणजे किती, हे बोलण्यावरून ओळखा. फोनवर कुणाशी बोलत असाल तर समोरच्याला तुम्ही सायकलवर आहात हे कळू नये, इतकं. ठोक्यांत सांगायचं तर 220 वजा वय म्हणजे तुमची कमाल 178 च्या आसपास धरता येईल आणि हलकी राइड साधारण 105 ते 135 मध्ये. पण हे सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक 10-12 ठोके इकडं-तिकडं होतात, म्हणून श्वासावर जास्त भरवसा ठेवा. ॲव्हरेजकडं तर बघूच नका. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. 24 वरून 28 वर जायचं तर हवेपुरती ताकद जवळपास 60 टक्के जास्त लागते. आषाढातला पश्चिमेचा वारा अंगावर घेऊन 18 नं चालवणाऱ्यानं पाठीवरच्या वाऱ्यात 28 नं येणाऱ्यापेक्षा जास्त काम केलेलं असू शकतं.

आठवडा असा लावून बघा. सोमवारी सायकलला हात लावायचा नाही. मंगळवारी तासभर हळू. बुधवारी जोराचा दिवस: 20 मिनिटं अंग मोकळं करून घ्या, मग चार मिनिटं अशी चालवा की दोन-तीन शब्दांपलीकडं बोलता येणार नाही, मग तीन मिनिटं अगदी सैल. असं चार वेळा, आणि सावकाश घरी. परभणीला घाट नाही म्हणून अडायचं कारण नाही, समोरचा वारा हाच आपला घाट. गुरुवारी सुट्टी किंवा अर्धा तास फिरवून यायचं. शुक्रवारी हळू. शनिवारी सुट्टी, हवं तर घरी उठाबशा आणि पोटाचे व्यायाम. चाळिशीनंतर स्नायू टिकवायला ते लागतातच. रविवारी लांब राइड, पूर्ण हळू. आता 45 पासून सुरू करा, दर आठवड्याला पाच-सात किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला सगळंच तिसऱ्या हिश्श्यानं कमी करा. 130-140 आरामात झाले की 200 ला निघायला हरकत नाही.

हा कमी करायचा आठवडा आणि सुट्टीचे दिवस लोकांना सगळ्यात जड जातात. तुम्ही काळ्या रानाच्या मुलखातले, म्हणून तुमच्याच रानातलं उदाहरण देतो. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी कुणी तिफण घेऊन रानात उतरत नाही. वाफसा यायची वाट बघतात. चिखलात औत घातलं तर ढेकळं होतात आणि हंगाम हातचा जातो. पायांचंही तसंच आहे. राइडमध्ये स्नायूंची झीज होते, पुढच्या एक-दोन दिवसांत झोपेत आणि आरामात त्यांची भर होते, आणि ती भरपाई आधीपेक्षा थोडी जास्तच होते. ती व्हायच्या आत पुन्हा ताण दिला की माणूस झिजतच राहतो. वाफसा आला का, हे सकाळच्या नाडीवरून कळतं. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर त्या दिवशीचा जोर रद्द. मी रात्रपाळी करून आल्यावर कधीच जोराची राइड करत नाही.

आता गुडघा. वाटीच्या पुढून दुखतंय म्हणजे बहुतेक सीट खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर रेटताय, किंवा दोन्ही. उद्याच सकाळी भिंतीला धरून सायकलवर बसा. टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय पूर्ण सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट एका वेळी अर्धा सेंटीमीटर वर घ्या. नंतर चालवताना पंजा पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. मग रस्त्यावर 15 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. 20 ते 22 वेळा आला पाहिजे, म्हणजे मिनिटाला 80 ते 88 फेरे. 15-16 वरच येत असेल तर दोन गिअर हलके करा. सुरुवातीला पाय उगाच फिरल्यासारखे वाटतात, तीन आठवड्यांत सवय होते. एवढं करूनही दुखलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा जोराचे दिवस सुरू करण्याआधी बीपी, साखर आणि ईसीजी करून घ्या. छातीत कधी दाटल्यासारखं झालं असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुधवार सुरूच करू नका.

खाण्याचं 75 मिनिटांच्या राइडला काही लागत नाही, पाणी पुरे. दीड-दोन तासांपुढं मात्र भुकेची वाट बघू नका. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. मी एक केळ, मग चार-पाच खजूर, मग राजगिऱ्याचा लाडू असं दर अर्ध्या तासाला थोडं थोडं खातो. शेंगदाण्याची चिक्की थांब्यावर बरी, चालवताना घशाशी येते. परभणीचं ऊन मी तुम्हाला काय सांगणार! फक्त एवढं की उन्हाळ्यात नुसतं पाणी ढोसू नका, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस किंवा लिंबू-साखर-मीठ. उन्हाला शरीर रुळायला 10 ते 14 दिवस लागतात, त्या काळात जोराचे दिवस बंद. डोकं गरगरलं, उन्हातच शहारे आले किंवा बोलताना अडखळायला झालं तर जागीच थांबा, सावली गाठा, अंगावर पाणी ओता आणि कुणाला तरी बोलवा.

हिवाळ्यात ऊसतोडणी चालू असते. पहाटेच्या अंधारात मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, म्हणून पुढचा दिवा चांगला उजेड पाडणारा घ्या. बाभळीचे काटे आणि सराटे आहेतच, दोन ट्यूब बरोबर असू द्या.

ब्रेव्हेबद्दल तुमची भीती वेगाची दिसते. 200 किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहापाणी, पंक्चर, कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घेणं सगळं धरून ताशी 15 सुद्धा लागत नाही. तुमचा आजचा वेग त्याला पुरून उरतो. आठव्या तासाला बूड, मनगटं आणि पोट साथ देतात का, हा खरा प्रश्न आहे, आणि ते रविवारच्या राइडमध्येच तयार होतं. त्या दिवशी जे कपडे घालणार, जे खाणार, ते सगळं आधी रविवारी वापरून बघा.

शेवटची लांब राइड ब्रेव्हेच्या दोन आठवडे आधी उरकून टाका. त्यानंतर अंतर निम्म्यावर आणा, बुधवारची चार मिनिटं मात्र दोनदाच का होईना, ठेवा. आदल्या दिवशी अर्धा तास फिरवून या, दोन्ही दिवे चार्जिंगला लावा, टायरमधली हवा तपासा आणि नऊला झोपा.