सही तुमचीच हवी होती

प्रिय भगिनी,

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या पत्रातील हकिकत आधी थोडक्यात सांगते. तुम्ही गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहता, वय बत्तीस, यजमान बोटीवर नोकरीला. पाळी चुकली, घरी केलेल्या तपासणीत पट्टीवर दोन रेषा उमटल्या, आणि काही दिवसांतच थोडे थोडे डाग दिसू लागले. ओटीपोटात उजवीकडे दुखत होते, ते गॅसमुळे असेल असे समजून तुम्ही गोळी घेतली. एका पहाटे खांदा दुखू लागला, न्हाणीत चक्कर येऊन पडलात, आणि शेजाऱ्यांनी १०८ला फोन केला. गर्भ उजव्या नळीत वाढत होता, नळी फुटली होती आणि पोटात रक्त साचले होते. यजमानांशी संपर्क होईना, तेव्हा संमतिपत्रावर तुम्हीच सही केलीत आणि नळी काढली गेली. या गोष्टीला आता दीड महिना झाला. सासूबाईंचे म्हणणे असे की, मुलाला विचारल्याशिवाय सही करायला नको होती. पुण्याच्या नणंदेला हाच त्रास झाला तेव्हा एका इंजेक्शनवर भागले. आणि मनात आणले असते तर डॉक्टरांना गर्भ पिशवीत सरकवता आला असता, असेही त्या म्हणतात. देवळात लावलेल्या कौलातही दोष निघाला म्हणे. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारता, ‘माझे नेमके काय चुकले?’

सहीपासून सुरुवात करते, कारण तुम्हाला सर्वांत अधिक तीच टोचते आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या शरीरावरील शस्त्रक्रियेला संमती देण्याचा अधिकार तिचा स्वतःचा असतो. पतीची सही नाही म्हणून ती संमती अपुरी ठरत नाही. रुग्णाची संमती ही रुग्णाचीच असली पाहिजे, सज्ञान मुलीच्या वतीने आईनेसुद्धा ती परस्पर देऊन चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. आपल्याकडे घरातील पुरुषाची सही मागण्याची सवय अजून गेलेली नाही, हे खरे. पण सवय म्हणजे कायदा नव्हे. शिवाय फुटलेल्या नळीतून होणारा रक्तस्राव समुद्रावरून फोन लागेपर्यंत थांबत नाही. त्या पहाटे तुम्ही वाट पाहत बसला असता, तर आज हे पत्र लिहायला तुम्ही असता की नाही, याची मला शंका आहे.

आता नणंदेच्या इंजेक्शनविषयी. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन नळीतच होते, आणि फलित बीज काही दिवसांचा प्रवास करून पिशवीत पोहोचते व तेथे रुजते. हा प्रवास मध्येच अडला तर ते नळीतच रुजते. शंभर गर्भधारणांपैकी साधारण एक ते दोन अशा अस्थानी असतात आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक नळीत सापडतात. मात्र त्या कोणत्या टप्प्यावर लक्षात येतात, यावर पुढचे सगळे उपचार अवलंबून असतात. काही स्त्रियांमध्ये गर्भ आपणहून विरत असतो. रक्तातील बीटा एचसीजी या संप्रेरकाची पातळी मुळातच कमी असते आणि दर तपासणीला आणखी उतरते. त्यांना काहीही न देता केवळ लक्ष ठेवले तरी चालते. ज्यांची नळी शाबूत आहे, प्रकृती स्थिर आहे, नळीतील गर्भाची गाठ लहान आहे, गर्भाचे ठोके दिसत नाहीत आणि बीटा एचसीजी फार चढलेले नाही, त्यांना मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देता येते. सर्वसाधारणपणे ही पातळी ५०००च्या वर असली, तर इंजेक्शन अयशस्वी होण्याची शक्यता वाढते. हे औषध फॉलिक ॲसिडच्या कार्यात अडथळा आणून झपाट्याने वाढणाऱ्या पेशींची वाढ रोखते. म्हणूनच एरवी गर्भवतीला आवर्जून दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळी त्या काळात बंद ठेवावी लागते.

‘एका इंजेक्शनवर भागले’ हे ऐकायला सोपे वाटते. नणंदबाईंना शांतपणे विचारून पाहा. इंजेक्शननंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासावे लागते. चौथ्या दिवशी आकडा पुष्कळदा आधीपेक्षा वाढलेलाच दिसतो आणि घरच्यांचा धीर सुटतो. चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान तो किमान पंधरा टक्क्यांनी उतरला, तरच औषध लागू पडले असे मानतात. त्यानंतरही पातळी पूर्ण उतरेपर्यंत दर आठवड्याला रक्त द्यावे लागते आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. या काळात मद्य आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात, काही वेदनाशामके टाळावी लागतात, आणि पुढे किमान तीन महिने गर्भधारणा होऊ न देण्याचा सल्ला दिला जातो. एवढे करूनही मध्येच नळी फुटू शकते आणि शस्त्रक्रिया टळत नाही.

तुमच्यापुढे हा पर्यायच नव्हता. नळी फुटून पोटात रक्तस्राव होत असताना मेथोट्रेक्सेट देत नाहीत. रक्तस्राव थांबवणे हाच तेव्हा एकमेव उपचार असतो. खांद्याचे दुखणे हे त्याचेच लक्षण होते. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला लागले की तेथील मज्जातंतूंमुळे वेदना खांद्याच्या टोकाला जाणवते. पाळी चुकलेल्या स्त्रीला खांदादुखी आणि चक्कर एकत्र आली, तर ती उशीवर मान अवघडल्यामुळे आहे असे समजून कोणीही घरी बसू नये. तुम्ही गॅसची गोळी घेतली, याचा दोष मात्र मी तुम्हाला देणार नाही. सुरुवातीचे दुखणे इतके साधे वाटते की ते भल्याभल्यांना फसवते.

नळी काढण्याऐवजी तिला छेद देऊन गर्भ तेवढा काढता आला नसता का, ही शंका कदाचित पुढे कोणी काढील. तसे करता येते, पण नळी फुटून मोठा रक्तस्राव होत असेल, तर ती काढणेच बहुधा सुरक्षित ठरते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुसरी नळी चांगली असलेल्या ४४६ स्त्रियांमध्ये या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. नळी राखलेल्या गटात तीन वर्षांत नैसर्गिकरीत्या गर्भ राहून टिकण्याचे प्रमाण सुमारे ६१ टक्के आणि नळी काढलेल्या गटात सुमारे ५६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला नाही. उलट नळी राखलेल्या सुमारे सात टक्के स्त्रियांमध्ये गर्भपेशींचा अंश मागे राहिला आणि त्यावर पुन्हा उपचार करावे लागले. दुसरे असे की, एका बाजूची नळी गेली म्हणजे एक महिना आड एक महिना वाया जातो, ही समजूत बरोबर नाही. डावी नळी उजव्या बीजकोशातील बीजही टिपू शकते.

गर्भ पिशवीत सरकवण्याची कोणतीही शस्त्रक्रिया आज जगात उपलब्ध नाही. नळीच्या अस्तरात रुजलेला गर्भ तेथून सोडवला की त्याचा रक्तपुरवठाच तुटतो. सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा, कारण या आशेपोटी त्यांच्या मनात डॉक्टरांविषयी आणि तुमच्याविषयी उगाच अढी बसते आहे.

आता तुमच्या ‘माझे नेमके काय चुकले?’ या प्रश्नाकडे येते. विहिरीचे पाणी काढणे, स्कूटरवरून वाळपईला जाणे, पपई खाणे, यांपैकी कशानेही गर्भ नळीत अडकत नाही. जननमार्गाचा पूर्वीचा संसर्ग, पोटावरील किंवा नळीवरील जुनी शस्त्रक्रिया, धूम्रपान, आधी झालेली अशीच गर्भधारणा, ही ज्ञात कारणे आहेत. आणि जवळजवळ निम्म्या स्त्रियांमध्ये यांपैकी एकही सापडत नाही. दहाव्या वर्षी अपेंडिक्स फुटून तुमचे मोठे ऑपरेशन झाले होते, असे तुम्ही सहज जाता जाता लिहिले आहे. अशा आजारानंतर नळीभोवती चिकटे, म्हणजे अवयव एकमेकांना चिकटवणारे धागे, निर्माण होऊ शकतात. तुमच्या बाबतीत तसेच झाले असे मी येथे बसून म्हणू शकत नाही, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना ही गोष्ट अवश्य सांगा आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डावी नळी कशी दिसली, तेही विचारा. कौलाविषयी मी वाद घालणार नाही. घरची श्रद्धा घरात राहू दे. मात्र सासूबाईंना मनःशांतीसाठी गाऱ्हाणे घालायचे असेल, तर ते सुनेच्या प्रकृतीसाठी घालावे, तिच्या दोषासाठी नव्हे.

यजमान डिसेंबरात सुट्टीवर येणार आहेत, असे तुम्ही लिहिता. त्यांच्याबरोबर डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. तुम्हाला मेथोट्रेक्सेट दिलेले नसल्याने तीन महिन्यांचे बंधन नाही. तरी रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन उतरले असणार, ते भरून यावे आणि निदान दोन पाळ्या नियमित व्हाव्यात, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचा विचार करावा. मन तयार नसेल तर आणखी थांबा. अशी गर्भधारणा पुन्हा होण्याची शक्यता साधारण दहा टक्के असते, म्हणून पुढच्या खेपेस पाळी चुकताच तपासणी करा आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत असल्याची खात्री करून घ्या. तोपर्यंत दुखू लागले किंवा डाग दिसले, तर सोनोग्राफीची ठरलेली तारीख येण्याची वाट पाहू नका. सत्तरीहून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी चक्कर येऊ लागल्यावर शेजाऱ्याची गाडी शोधण्यापेक्षा थेट १०८ला फोन करा.

आणखी एक. तुमचा रक्तगट पत्रात नाही. कार्डावर तो आरएच निगेटिव्ह असेल, तर शस्त्रक्रियेनंतर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गर्भाला घातक ठरू शकणारी प्रतिपिंडे आईच्या रक्तात तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) दिल्याची नोंद आहे का ते पाहा. ती नसेल तर पुढची गर्भधारणा होण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या; यासाठी डिसेंबरपर्यंत थांबू नका, या आठवड्यातच जा.