विरजण मागायला गेली होतीस का?

पत्राखाली सही आहे ‘एडिसनची एकटी’, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावची. चार पानं, पाच प्रश्न. त्यातल्या एकाचंच उत्तर मी नीट देणार आहे, कारण बाकीचे चार त्याच्याच पोटातले आहेत असं माझं मत आहे.

ती लिहिते: “मावशी, आमच्या मंडळाच्या ग्रुपवर २१४ जण आहेत. गणपतीला सगळे मोदक खायला हजर. पण नोव्हेंबरात मला फ्लू झाला, नवरा कामासाठी टेक्सासला, तेव्हा एकीनंही फोन केला नाही. दादरला असते तर अख्खी चाळ दारात उभी राहिली असती. इथे माझं कुणीच नाही.”

वाचून पोटात कालवलं गं. परक्या देशात अंगात ताप असताना पोराचं दूध गरम करायला उठणं काय असतं, ते मी टोरांटोत अकरा वर्षं बघितलंय. पण मग मी पेन्सिल घेतली आणि तुझंच पत्र पुन्हा वाचलं. पान दोन: “शेजारच्या पेरू देशाच्या बाईंनी तीन दिवस लेकीला स्कूलबसपर्यंत सोडलं.” पान तीन: “एका मैत्रिणीनं दाराबाहेर खिचडीचा डबा ठेवला, पण बेलसुद्धा वाजवली नाही.” अगं, घरात फ्लू होता! तिनं डबा आणला हे तू अर्ध्या ओळीत उरकलंस आणि बेलचा राग तीन ओळी. आणि त्या २१४ जणांना तू आजारी आहेस हे सांगितलं होतंस का? तेही तूच लिहिलंयस: “सांगायचं कशाला? ज्याला काळजी असेल तो विचारेल.”

इथेच माझं नि तुझं भांडण आहे.

आधाराचे दोन हिशेब असतात. कोण काय करून गेलं हा एक, आणि अडलं तर कुणी धावेल असं आपल्याला वाटतं का, हा दुसरा. ते जुळतातच असं नाही. मानसशास्त्रज्ञ झिमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रश्नावली केली, ती आजही वापरतात. बाराच वाक्यं: चार घरच्यांबद्दल, चार मित्रमैत्रिणींबद्दल, चार एखाद्या खास माणसाबद्दल. प्रत्येकाला एक ते सात गुण. गेल्या महिन्यात किती डबे आले, हे त्यात कुठेच विचारत नाहीत. विचारतात ते वाटण्याबद्दल. आणि मनाच्या तब्येतीशी या वाटण्याचं नातं प्रत्यक्ष मिळालेल्या मदतीपेक्षा घट्ट असतं, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय.

माझ्या आईचंच बघ. गिरगावात तिला कुणी विचारलं, “तुमचं इथे कोण?” तर म्हणायची, “अख्खी चाळ आहे.” एकदा सुट्टीत आले असताना मी खवटपणे हिशेब मांडला. वर्षभरात चाळीनं आईसाठी काय केलं? बाबांच्या हर्नियाच्या वेळी एकानं टॅक्सी आणली, दोघींनी दोन दिवस पोळ्या दिल्या. बाकी वर्षभर सामाईक नळावरून भांडणं. पण आई शांत झोपायची.

ते वाटणं कशावर उभं होतं? माझ्या मते विरजणावर. (हसू नका. माझ्या घरचेही हसतात.) आठवड्यात एकदा तरी आई वाटी घेऊन कुणाकडे जायची, नाहीतर कुणी आमच्याकडे यायचं. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही म्हणून पाच वाजताच धावपळ. चमचाभर दही ते, देणाऱ्याचं काहीच जात नाही, पण मागायला दार वाजवावं लागतं. उत्साहावर विरजण पडतं असं म्हणून मराठीनं त्या बिचाऱ्याला उगाच बदनाम केलंय.

आणि आपण परदेशात गेलो की पहिली सोडतो ती मागायची सवय. टोरांटोत एका जानेवारीत ह्यांची पाठ धरली. आठवडाभर दारातला बर्फ मी एकटी उपसत होते आणि समोरच्या इटालियन म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. एप्रिलात तो म्हणाला, “मी फावडं घेऊन आलो होतो, तुम्हीच हात हलवून नको म्हणालात.” खरंच होतं. खिडकीतून मी ‘राहू द्या, राहू द्या’ केलं होतं. आपलं ‘राहू द्या’ म्हणजे ‘अजून दोनदा आग्रह करा’, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

पुढच्या हिवाळ्यात माझं दही बिघडलं, तेव्हा नाइलाजानं तीन घरं सोडून राहणाऱ्या पंजाबी बाईकडे वाटी घेऊन गेले. तिनं तासभर बसवून घेतलं. आठवड्यानं ती हिंग मागायला आली. वर्षभरात एकमेकींच्या घरच्या किल्ल्या एकमेकींकडे होत्या.

माझं नको ऐकूस. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००८ मध्ये छापलेले प्रयोग आहेत. अनोळखी लोकांकडून एक लहानसं काम करून घ्यायचं, आधी अंदाज सांगायचा की किती जणांना विचारावं लागेल. लोकांचा अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे माणसं हो म्हणतात, आपणच आधी त्यांच्या वतीनं नाही म्हणून टाकतो.

आणि ती दादरची चाळ मनातून जरा उतरव. आमच्या गिरगावच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. परवा गेले तर वॉचमननं नाव, मोबाइल नंबर आणि ‘किसके यहाँ?’ विचारलं, वर इंटरकॉमवर खात्री केली. तिथेही आता कुणी आपणहून दारात उभं राहत नाही, फोन करावा लागतो.

तर या शनिवारी वाटी घे आणि त्या पेरूच्या बाईंकडे जा. दही नसलं त्यांच्याकडे तर लिंबू माग. मैत्रिणीचा डबा धुऊन परत करशील तेव्हा रिकामा देऊ नकोस, आणि बेल वाजव.

आता बाकीचे. सासूबाई सहा महिने येणार आहेत: स्वयंपाकघर सकाळी त्यांचं, संध्याकाळी तुझं, पहिल्याच दिवशी ठरवून टाका. लेक मराठीत उत्तर देत नाही: तू मराठीतच बोलत राहा. नवरा सारखा दौऱ्यावर: हे त्याला लिही, मला नाही. रात्री साडेआठला आईला फोन केला की ती घाईत असते: हिवाळ्यात तेव्हा मुंबईत सकाळचे सात वाजलेले असतात, दूधवाला आलेला असतो. तासाभरानं कर.

आणि हो, मिरचीच्या देठावरही दही लागतं, शेजारी कशाला जायचं, अशी पत्रं मला दर वेळी येतात. ठाऊक आहे मला. पाठवू नका.