एसएमपीएस फुकट मिळतोय? आधी तोच बदला

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अकोल्यात राहते. माझे साठवलेले आणि बाबांनी घातलेले मिळून गेमिंग पीसीसाठी ८० हजार रुपये जमलेत. ओळखीच्या दुकानदारानं कोटेशन दिलंय : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ ची एक रॅम, ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि पुढून काचेचं, रंगीत पंख्यांचं कॅबिनेट, त्यासोबत एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) फ्री. मॉनिटर घरचा जुनाच, ६० हर्ट्झचा. मी व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळते. पीसी मला स्वतः जोडायचाय. बाबा म्हणतात, ‘दुकानातच जोडून घे, काही जळलं तर कोण भरून देणार?’ कोटेशन बरोबर आहे का? आणि बाबांना काय सांगू?
— एक वाचक, अकोला

उत्तर : प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाची जोडी छान जमली आहे, तिला हात लावू नकोस. आरटीएक्स ५०६० तेवढ्याच पैशांत मिळत असेल तर ते घे, एवढंच. माझं भांडण आहे ते त्या ‘फ्री’शी.

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० वॉटचं मोठं स्टिकर असतं. त्याच्या बाजूवरचा छोटा तक्ता वाच. आजचं मशीन जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतं. त्या रकान्यात समजा १४ अँपिअर लिहिलेत, तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट झाले. तुझं ४०६० एकटंच ११५ वॉट खातं, ७६०० भर गेममध्ये ८८ वॉटपर्यंत जाऊ शकतो. बोर्ड, पंखे, एसएसडी धरायच्या आधीच २०३ झाले! एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, आणि तो खरा ५५० चा हवा. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र), पाच वर्षांची वॉरंटी असलेला घे. व्होल्टेज चढलं किंवा शॉर्ट झालं की असा एसएमपीएस स्वतः बंद पडतो. स्वस्तातला बंद पडताना बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो. बाबांची ‘जळलं तर’ ही भीती मला पूर्ण पटते, पण जळण्याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं, तुझ्या हातात नाही.

यासाठी पैसे कोटेशनमधूनच काढ. बी६५० ऐवजी ए६२० चा बोर्ड चालेल, ६५ वॉटच्या प्रोसेसरला तो पुरतो. रंगीत पंखे सोड. काचेचं तोंड असलेलं कॅबिनेट तर घेऊच नकोस. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. प्रोसेसरवरचा कूलर कितीही भारी असला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि काचेआड ती हवासुद्धा आत शिरत नाही. पुढून जाळीचं, निघणारा धूळ-फिल्टर असलेलं साधं कॅबिनेट घे.

रॅम १६ ची एक नको, ८-८ च्या दोन घे. दोन चॅनेल एकदम चालतात, आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये तो फरक जाणवतो. मॉनिटर मात्र तुला अडवणार आहे. कार्डानं सेकंदाला दीडशे फ्रेम काढल्या तरी ६० हर्ट्झवर साठच दिसतात. आता ओढाताण करून स्वस्तातला घेऊ नकोस; दिवाळीपर्यंत थांबून १४४ हर्ट्झचा चांगला घे.

पार्ट घरी येण्याआधी एक काम बाबांकडे दे : इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीतलं अर्थिंग मोजून घ्या. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्ट. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. अशा सॉकेटवर एसएमपीएसच्या फिल्टरमधला करंट जायला वाट न मिळाल्यानं कॅबिनेटवर येतो आणि हात लावला की मुंग्या येतात. ‘कॉम्प्युटरला असतंच तसं’ असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नकोस. यूपीएस घेताना व्हीए म्हणजे वॉट समजू नकोस : ६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस ३६० वॉटच देतात. तुला १००० किंवा ११०० चा लागेल.

आता जोडणी. तू नक्की करू शकशील. जिथे खरोखर जपायचं ती जागा एकच, प्रोसेसरचं सॉकेट. या पिढीत पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात, केसासारख्या बारीक, आणि एक वाकली की वॉरंटीवाले हात वर करतात. लिव्हर उचल, चौकट उघड, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळव आणि नुसता ठेव. दाबू नकोस, सरकवू नकोस. चौकटीवरचं काळं झाकण आधी काढायचं नाही. लिव्हर खाली नेताना ते आपोआप उडतं. लिव्हरला जोर लागतो, त्याला घाबरू नकोस. ते झाकण डब्यात जपून ठेव. ७६०० सोबत कूलर येतो आणि त्याला पेस्ट लावलेलीच असते (कोटेशनमध्ये ७६००एक्स नाही ना, हे बघ; त्यासोबत कूलर येत नाही). बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन कंस काढ, मागची पट्टी राहू दे, आणि चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीनं, थोडे-थोडे आवळ.

बोर्डाला रॅमच्या चार खाचा असतील तर रॅम प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत; दोनच असतील तर दोन्हींत. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, ग्राफिक कार्डाला.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळा राहू शकतो. डीडीआर५ रॅम स्वतःला जुळवून घेत असते. पंखे फिरताहेत ना, मग बटण दाबत बसू नकोस. नंतर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या मेनूत) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू कर, नाहीतर ६००० वेगाची रॅम बहुधा ४८०० वरच चालत राहील. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं, तेही तिथेच बघून घे.

बाबांना सांग, प्रत्येक पार्टची वॉरंटी त्या-त्या कंपनीची असते, घरी जोडला म्हणून ती जात नाही. मात्र बिलावर प्रत्येकाचा सिरीयल नंबर हवा आणि एसएमपीएस स्वतंत्र ओळीत हवा. नवं कोटेशन आलं की त्या एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल नाव लिहून मला पाठव. पैसे देण्याआधी मी बघून सांगते.